मला येतं आणि मला लागतं

वहीचं जोडपान उघडायचं. डाव्या पानावर वर लिहायचं ‘आय कॅन’, उजव्या पानावर ‘आय हॅव टू’. मग दोन्हीकडे आपापल्या रोजच्या जगण्यातली निदान पाच-पाच वाक्यं. वेळ वीस मिनिटं. श्रावणातली दुपार होती. माझ्या पडवीत इंग्रजीच्या वर्गाला आलेल्या गावातल्या आठ जणी आणि मी. बाहेर पाऊस असा कोसळत होता की शब्द सांगायला मला आवाज चढवावा लागत होता.

वीस मिनिटांनी वह्या बघितल्या. आठही वह्यांत उजवं पान भरलेलं. आय हॅव टू कुक. आय हॅव टू ब्रिंग वॉटर. आय हॅव टू पॅक मँगो. आय हॅव टू सेल फिश. आय हॅव टू गिव्ह मेडिसिन मदर-इन-लॉ. एकीची वाक्यं बारा झाली होती, शेवटची दोन समासात आडवी. डावी पानं मात्र पाच वह्यांत कोरी. दोघींनी ‘आय कॅन रीड मराठी’ एवढं एकच वाक्य लिहिलेलं. आणि एकीनं काहीतरी लिहून गिरगटून टाकलेलं. ते पान मी उजेडाकडे धरलं. ‘आय कॅन स्विम’ होतं.

“खोडलंस कशाला गो?”

“ल्हानपणी येय, बाई. आता खय पेवतंय?”

बाकीच्या गप्प. मग कोपऱ्यातली एक जण म्हणाली, “बाई, माका कायेक येना नाय.” ती हे नाराजीनं म्हणाली नाही. आज बुधवार आहे, असं सांगावं तितक्या साधेपणानं म्हणाली. तिच्या उजव्या पानावर ‘आय हॅव टू पॅक मँगो’ होतं. मी विचारलं, “आंबा पेटीत भरता येतो ना तुला?” तिनं माझ्याकडे पाहिलं, प्रश्नच चुकलाय अशा नजरेनं. “तां येता कसला, बाई? तां करूचाच लागता.”

त्या एका वाक्यावर मी अजून विचार करते आहे.

आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या काठाला. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं नोकरी करून मी घरी बसले. वर्ग सुरू झाला तो या बायकांच्या गरजेपोटी. इथे घरोघरी आता निवास-न्याहारीच्या एक-दोन खोल्या आहेत. पूर्वी पाहुणे यायचे ते मुंबई-पुण्याचे, कोल्हापूरचे. २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, २०२३ मध्ये गोव्यात मोपाचा झाला, आणि आता बंगळूर, हैदराबाद, चेन्नईचे लोकही येतात. त्यांना मराठी येत नाही, हिंदी सगळ्यांनाच येते असं नाही. घरातले पुरुष होडीवर किंवा कलमांच्या बागेत, मुलं मुंबईत. पाहुण्यांशी बोलायची वेळ येते ती चुलीशी असलेल्या बाईवर. या साऱ्या जणी पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० मध्ये, यांच्या मुलांच्या वाट्याला. लावणी आटोपली आणि गणपतीला अवकाश आहे, एवढाच काय तो मोकळा काळ. त्यातली दुपारची एक घटका आम्ही धरली.

कधी कधी वाटतं, हेही आमच्या तालुक्याला शोभूनच आहे. बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे, इथलेच. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी ‘दर्पण’ काढलं तेव्हा पानाला दोन स्तंभ ठेवले होते, एक मराठी, एक इंग्रजी, शेजारी शेजारी. वाचणाऱ्याची नजर एकीकडून दुसरीकडे सहज जावी. माझ्या पडवीतलं जोडपानही तसंच, फक्त दोन्ही पानं इंग्रजी आणि प्रश्न मराठी.

मुलांना शिकवताना ‘कॅन’ म्हणजे ‘शकणे’ असं सांगून आम्ही पुढे जायचो. आय कॅन रन, मी धावू शकतो. पोरं घोकायची. पण घरात असं कोण बोलतं? वाडीत मी ‘शकते’ फारसं ऐकलेलं नाही, ते पुस्तकात राहतं. आपण म्हणतो, मला पोहता येतं, मला शिवता येतं, मला गाडी चालवता येते. मालवणीत, माका पेवक येता. आणि हे ‘येणं’ नीट ऐकलं तर विलक्षण आहे. झोप येते, राग येतो, पाऊस येतो, आठवण येते, तशीच विद्याही येते. ती कुठून तरी चालत येते आणि माझ्यापाशी थांबते. मी करणारी नसते, ती जिथे पोचते ते ठिकाण असते. म्हणून ‘मी’ नाही, ‘मला’.

मला हे मराठीचं शहाणपण वाटत आलं आहे. पोहणं आलं ते एकटीच्या कर्तृत्वानं नव्हे. कुणीतरी पाण्यात लोटलं होतं, कुणीतरी पोटाखाली हात धरला होता, खाडीनं तोलून धरलं होतं. सगळ्यांचं मिळून ते माझ्याकडे आलं. पण त्या दुपारी या ‘येण्या’ची दुसरी बाजू मला दिसली. जे शिकवायला कुणी बसलं नाही, ज्याला शाळा नव्हती, ज्याचा कागद मिळाला नाही, ते ‘आलं’ कधी हे बाईला कळतच नाही. आईच्या मागं मागं फिरता फिरता आंबा भरायचा हात बसतो. तो कुठल्या दिवशी आला? आलाच नाही. अंगावर पडला. आणि अंगावर पडतं त्याला आपण ‘येतं’ म्हणत नाही, ‘लागतं’ म्हणतो.

मी घरातला जुना शब्दकोश काढला. इंग्रजीतल्या ‘कॅन’चं मूळ जुन्या इंग्रजीतल्या ज्या क्रियापदात आहे, त्याचा अर्थ जाणणे. आय कॅन म्हणजे मुळात मी जाणते. आणि त्याची वंशवेल मागं मागं नेली तर संस्कृतातल्या ‘ज्ञा’शी जाऊन मिळते. आपलं ‘जाणणं’ही तिथलंच. म्हणजे ‘कॅन’ आणि ‘जाण’ दूरची का होईना, चुलत भावंडं आहेत. दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं. म्हटलं, ‘शकणे’ विसरा. ‘आय कॅन’च्या खाली एवढंच लिहायचं की मी कशात जाणती आहे.

“जाणती म्हणजे म्हातारी ना, बाई?” एकीनं विचारलं.

“म्हातारी नव्हे. जिला विचारायला लोक येतात ती.”

मग डावी पानं हळूहळू भरायला लागली. आय कॅन मेक घावणे. घावण्याला इंग्रजी शब्द नको, घावणेच राहू दे, असं आम्ही ठरवलं. आय कॅन क्लीन प्रॉन्स फास्ट. आय कॅन मेक मँगो बॉक्स. ज्या वाक्यांनी उजवं पान भरलं होतं, त्यातलीच निम्मीअर्धी डावीकडे आली. काम तेच, घर बदललं. पेटी भरणारीनं मात्र दोन्हीकडे ठेवलं. “येता पण आसा आणि लागता पण आसा,” ती म्हणाली. ती बरोबर होती, आणि मी तिला तसं सांगितलं.

व्याकरणाचा भाग लवकर उरकला. ‘शी’ आली तरी ‘कॅन’ला ‘स’ जोडायचा नाही. ‘कॅन’च्या पुढे ‘टू’ नाही, ‘हॅव’च्या पुढे मात्र हवाच, आणि ‘शी’ आली की ‘हॅव’चा ‘हॅज’ होतो. हे चार दिवसांत बसलं. बसलं नाही ते उच्चाराचं, आणि त्यावर पाठ्यपुस्तकांत पुरेसं लिहीत नाहीत अशी माझी तक्रार आहे.

आपण मराठी माणसं वाक्यातला प्रत्येक शब्द जवळपास सारख्या वजनानं बोलतो. आय. कॅन. कुक. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे ते ‘कॅन’वर वजनच ठेवत नाहीत. तो त्यांच्या तोंडात ‘क्न’ एवढाच उरतो आणि सगळा जोर ‘कुक’वर पडतो. ‘कान्ट’ किंवा ‘कॅन्ट’वर मात्र ते पूर्ण वजन देतात, आणि शेवटचा ‘ट’ पुष्कळदा अर्धवट गिळतात. म्हणजे ऐकणाऱ्याला ‘येतं’ की ‘येत नाही’ हे कळतं ते त्या ‘ट’वरून कमी आणि वजनावरून जास्त. आपण ठासून ‘कॅन’ म्हटलं, की त्याला ‘कॅन्ट’ ऐकू येण्याची भीती. वर्गातल्या एका वहिनीकडे परदेशी जोडपं उतरलं होतं. त्यांना नारळ चालत नव्हता. नारळाशिवाय काही करता येईल का, असं त्यांनी विचारलं. वहिनीनं मान डोलावून, आवाज चढवून सांगितलं, “आय कॅन, आय कॅन!” आणि ती दोघं चेहरे पाडून खोलीत गेली. त्यात आपली मान डोलावणंही त्यांना उमगेना. ती रात्री बिस्किटं खाऊन झोपली असती. पण वहिनीनं नुसत्या कोकमाचं सार, तिरफळ घातलेला बांगडा आणि भात त्यांच्यापुढे नेऊन ठेवला, तेव्हा उलगडा झाला.

त्यानंतर आठवडाभर आम्ही एकच सराव केला. ‘कॅन’ चोरून म्हणायचा. पाण्यावरून दगड सरकवावा तसा. आय क्न कुक. आय क्न स्विम. नकार मात्र थांबून, सावकाश, पूर्ण: आय कान्ट स्विम. आणि शंका वाटली तर सरळ ‘येस’ आधी लावायचं. येस, आय क्न कुक.

आता उजवं पान.

‘हॅव टू’चं आपलं भावंड ‘लागणे’. मला जावं लागतं, आय हॅव टू गो. ‘मस्ट’चं भावंड ‘पाहिजे’, मालवणीत ‘होया’. फरक कोणत्याही बाईला समजावून सांगावा लागत नाही, तो तिच्या जिभेवर आधीपासून असतो. “सासूबाईंना औषध द्यायला पाहिजे” हे मी मनानं म्हणते. “सासूबाईंना औषध द्यावं लागतं” म्हणताना घड्याळ, डॉक्टर, घर बाहेरून ढकलतात. इंग्रजीतही बहुतांशी असंच आहे. ‘मस्ट’ बोलणाऱ्याच्या आतून येतं, ‘हॅव टू’ परिस्थितीतून. अजून एक सारखेपणा मला फार आवडतो. ‘मस्ट’ला स्वतःचा भूतकाळ नाही, कालच्या गोष्टीसाठी ‘हॅड टू’कडे जावं लागतं. आणि आपलं ‘पाहिजे’ तसंच थिजलेलं रूप आहे. ‘पाहणे’ या क्रियापदाचं जुन्या मराठीतलं कर्मणी रूप ते, ‘कीजे’, ‘बोलिजे’च्या पंगतीतलं. बाकीची पंगत उठून गेली, ‘पाहिजे’ आणि ‘म्हणजे’ तेवढी पानावर बसून राहिली. त्यालाही भूतकाळ हवा तर ‘होतं’ची काठी द्यावी लागते.

‘मस्ट’ हुकमाचा शब्द आहे, पाहुण्यांना वापरू नका, असं सांगणारे मास्तर मी पाहिले आहेत. ते अर्धंच खरं. पाहुण्याला “यू मस्ट पे नाऊ” म्हटलं तर कानाला बोचतं, तिथे ‘हॅव टू’ बरं, किंवा ‘प्लीज’ लावून सरळ सांगावं. पण “यू मस्ट टेस्ट माय सोलकढी” हे इंग्रजीतलं अगदी उबदार वाक्य आहे. आपण “जेवूनच जायचं हां” म्हणतो, त्यातला तो ‘च’. कोकणी आग्रहाला इंग्रजीत इतकं नेमकं घर मिळेल असं मला वाटलं नव्हतं. हे वाक्य वर्गानं एका दिवसात उचललं. यू मस्ट ईट वन मोर आंबोळी.

‘शुड’ आणि ‘ऑट’ यांचं मूळ शोधलं तेव्हा मी थोडा वेळ शब्दकोश मिटून बसले. दोन्हींच्या पोटात ऋण आहे. ‘शुड’ ज्याच्यातून आलं त्या जुन्या क्रियापदाचा अर्थ देणेकरी असणे, ‘ऑट’चं नातं तर थेट ‘ओव’शी, म्हणजे देणं असण्याशी. आणि आपण काय म्हणतो? मी त्याचं देणं लागते. ती माझी मावशी लागते. मला जावं लागतं. एकाच ‘लागण्या’त कर्ज, नातं आणि कर्तव्य. दोन भाषा इतक्या लांबच्या, पण ‘करायला हवं’ हे दोघींनाही देणेकऱ्याच्या तोंडून सुचलं. पेटी भरणारी जे म्हणाली होती, “करूचाच लागता”, त्यात मला आता तिची सासू, तिचं घर, बागेचं वर्षाचं कर्ज, सगळं ऐकू येतं.

पण नकार आला की या दोन भाषांची वाट फुटते, आणि तिथे जिवावर बेतू शकतं.

जूनचा दुसरा आठवडा होता, वर्ग सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मृग लागलेला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या. अशा दिवसांत इथला जाणता माणूस गुडघाभर पाण्यातही जात नाही, कारण लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. एका घरी चेन्नईचे दोन तरुण उतरले होते. घरच्या बाईनं त्यांना बजावलं, आणि चांगलं तीनदा बजावलं: “यू डोन्ट हॅव टू गो इन वॉटर.” तिच्या मनात होतं, पाण्यात जायचं नाही. त्यांनी ऐकलं, पाण्यात गेलंच पाहिजे असं काही नाही. त्यांनी हसून “नो प्रॉब्लेम” म्हटलं आणि टॉवेल घेऊन निघाले.

कमरेएवढ्या पाण्यात पोचले तेव्हा तिच्या सासूनं वरच्या बांधावरून हाक घातली. ती हाक मालवणीत होती. ती त्यांना कळली. एक जण वळला, त्यानं दुसऱ्याचा दंड धरला. बाहेर येताना दुसरा दोनदा पडला. दोघं वाळूवर बसले तेव्हा एकाच्या पायात चप्पल नव्हती आणि त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

ही बाई पुढे वर्गात आली ती हा एक प्रश्न घेऊनच. “बाई, मी चुकलंय खय?” मी तिला सांगितलं की चूक तिची एकटीची नाही, वाट मराठीनंच दाखवली होती. ‘जायचं आहे’ला इंग्रजीत ‘हॅव टू गो’ म्हणतात, हे ती शाळेत शिकली होती. मग ‘जायचं नाही’ म्हणजे ‘डोन्ट हॅव टू गो’. हिशेब अगदी बरोबर. पण मराठीत ‘जायचं नाही’ ही मनाई होते आणि इंग्रजीत ‘डोन्ट हॅव टू’ ही सुटका. मनाईसाठी तिकडे ‘मस्ट नॉट’ आहे. आपल्या ‘नको’मध्ये तर दोन्ही राहतात. “आज रविवार, शाळेत जायला नको” ही सुटका, आणि “एवढ्या पावसात जायला नको होतंस” ही कानउघाडणी. आपण सूर ऐकून ओळखतो. परक्या माणसाला आपला सूर वाचता येत नाही.

फळ्यावर मी दोन ओळी लिहिल्या. यू डोन्ट हॅव टू: नाही केलंस तरी चालेल. यू मस्ट नॉट: करता कामा नये. पण नुसतं लिहून माझं समाधान होईना. घाईत, भीतीत, माणूस फळ्यावरचं आठवत नाही.

उत्तर आलं ते वर्गातल्या एकीच्या मुलाकडून. तो व्यापारी जहाजावर खलाशी व्हायचं प्रशिक्षण घेतो, सुट्टीत घरी आला होता. कोकणातले मुलगे पिढ्यान् पिढ्या जहाजांवर जात आले आहेत, त्यात नवल नाही. त्याच्याकडे समुद्रावर बोलायच्या इंग्रजीची वाक्यं होती. जगभरच्या जहाजांवर नाना भाषांची माणसं असतात, त्यांच्यात गैरसमज होऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००१ मध्ये ही प्रमाणित वाक्यं स्वीकारली. आणि त्यात काय सांगितलं आहे? मे, माइट, शुड, कुड हे शब्द जपून, शक्यतो नकोतच. ‘कॅन’सुद्धा सांभाळून. ‘मे आय एन्टर’ म्हणजे परवानगी विचारतोय की शक्यता, हे वाऱ्यावादळात कोण ठरवणार? त्याऐवजी वाक्याच्या आधी एक शब्द लावायचा, म्हणजे पुढचं काय वजनाचं आहे ते आधीच कळतं. ‘क्वेश्चन. डू आय हॅव परमिशन टू एन्टर द फेअरवे?’ फेअरवे म्हणजे जहाजांची ठरलेली पाणवाट. ‘इन्स्ट्रक्शन’ म्हटलं तर मागं नियमाचा अधिकार आहे. ‘अ‍ॅडव्हाइस’ म्हटलं तर तो सल्ला, मानायचा की नाही ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. ‘वॉर्निंग’ म्हटलं की धोका.

मला ते ऐकून भरून आलं. शाळेत आम्ही मुलांना ‘शुड’ आणि ‘मस्ट’मधला बारकावा न आल्याबद्दल गुण कापत होतो, आणि जिथे खरोखर जीव जातो तिथल्या लोकांनी शांतपणे तो बारकावाच बाजूला ठेवला. त्या दिवशी आम्ही पाठ बदलला. पाण्याबद्दल, गॅसबद्दल, विहिरीबद्दल बोलायचं तर ‘मस्ट नॉट’ही नको. वॉर्निंग. डू नॉट गो इन द वॉटर. आता पाच घरांच्या पडवीत ही पाटी आहे, लाल रंगात, आणि खाली मराठीत ‘पाण्यात जाऊ नका’. ती चेन्नईवाल्यांच्या घरची बाई पाटी रंगवून झाल्यावर ब्रश धुवायला विसरली. वाळून कडक झालेला तो ब्रश अजून तिच्या खिडकीत आहे.

वर्गात एक काकी यायच्या. सत्तरीच्या आसपास. लिहीत नसत, भिंतीला टेकून ऐकत. तरुणपणी त्या ओहोटीला खडपांवर जाऊन कालवं फोडून आणायच्या. एकदा त्यांनी विचारलं, “बाई, ‘माझ्यान आता होना नाय’ ह्याका काय म्हणतत?”

“आय कान्ट.”

“आणि ‘माका येनाच नाय’ ह्याका?”

“आय कान्ट.”

“आणि येळ नाय म्हणान जमना नाय, तर?”

“तेही आय कान्ट, काकी.”

त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “गरीब आसा गो ही भाषा.”

मी त्यांना अडवलं नाही, कारण इथे आपली भाषा खरोखर श्रीमंत आहे. जिना चढता येत नाही, चढू शकत नाही, चढवत नाही. पहिल्यात कला नाही, दुसऱ्यात मोकळीक नाही, तिसऱ्यात देह नाही. बघवत नाही, बोलवत नाही, खाववत नाही: मन तयार असून अंग मागं राहतं, किंवा अंग तयार असून मन. हे एका प्रत्ययात सांगणारी सोय इंग्रजीच्या ‘कॅन’मध्ये नाही. पण काकींना रिकाम्या हाती पाठवणं मला बरं वाटेना. मी दुसऱ्या दिवशी त्यांना एक शब्द दिला. आय कान्ट एनीमोर. “म्हणजे आता होत नाही, पण एकेकाळी होत होतं. हे शेवटचं ‘एनीमोर’ लावलं की ऐकणाऱ्याला कळतं, या बाईनं पूर्वी केलेलं आहे.”

“मगे आधीचा कसा सांगतलंस?”

“लहानपणी पोहता यायचं, आय कुड स्विम. आणि एखाद्याच दिवशी, कसंबसं पोहता आलं, तर ‘आय वॉज एबल टू स्विम’.” मला हे सांगताना स्वतःलाच उजेड पडत होता. या दोन इंग्रजी रूपांतला फरक मी मुलांना नियम म्हणून घोकवत आले, आणि मराठीत तो ‘यायचं’ आणि ‘आलं’ इतका उघड पडून आहे.

काकी पुढे सरकल्या. म्हणाल्या की एकदा खडपावर असताना भरती लवकर भरली. त्यांना पेवक येना नाय, कधीच येत नव्हतं. पण टोपलीचा दोर दातांत धरून त्या पाण्यात उतरल्या, आणि किनारा लागला. कालवं सांडली नाहीत. “त्या दिसाचा कसा म्हणाचा?”

“आय वॉज एबल टू स्विम दॅट डे.”

काकींनी ते तीनदा म्हणून बघितलं. ‘एबल’ त्यांच्या तोंडात ‘एबुल’ झालं. तेवढ्यात मला शेजारच्या वहीत हालचाल दिसली. ‘आय कॅन स्विम’ गिरगटणारी त्याच्या खाली काहीतरी लिहीत होती. मी मुद्दाम वाकून पाहिलं नाही. वह्या मागितल्या तेव्हा वाचलं: आय कुड स्विम. आय थिंक आय कॅन.

गणपती आले आणि वर्ग थांबला. मग भातकापणी, मग पाहुण्यांचा हंगाम, मग मोहोर, मग आंबा. आंब्याच्या दिवसांत इथे कुणाला नाव विचारलं तरी उत्तर मिळत नाही. एप्रिलच्या शेवटी मी पेटी भरणारीच्या मांगरात गेले होते, घरच्यासाठी दोन डझन घ्यायला. ती पेंढ्यावर बसलेली, समोर देठासकट काढलेल्या फळांची रास, हातावर चिकाचे जुने काळे डाग. तिच्याकडे उतरलेली बंगळूरची एक मुलगी शेजारी उकिडवी बसून पाहत होती. फळ उचलायचं, तळव्यावर एकदा फिरवायचं, देठापाशी नाकाजवळ न्यायचं, बोटाच्या पेरानं बाजू दाबायची, आणि त्याच्या जागी, त्याच्याच मापाच्या भावंडांत ठेवून द्यायचं. यात तिला तीन सेकंदसुद्धा लागत नव्हते.

मुलीनं इंग्रजीत विचारलं, आंबा आतून चांगला आहे की नाही हे तुम्हाला बाहेरून सांगता येतं का?

ती थांबली. हातातलं फळ मांडीवर ठेवलं. हापूसमध्ये साका धरतो तो बाहेरून दिसत नाही, वासाला लागत नाही, हाताला लागत नाही. फळ वरून सोन्यासारखं आणि कापलं की गर पांढरट, आंबट. बागायतदाराचं नाव जातं ते त्यापायी. हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलेलं मला दिसलं.

“स्मेल, आय क्न टेल,” ती सावकाश म्हणाली. “राइप, नॉट राइप, हाऊ मेनी डेज, आय क्न टेल.” ‘क्न’ अगदी बारीक, जसा हवा तसा. मग तिनं नकाराला लागतो तेवढा वेळ घेतला. “साका, आय कान्ट टेल. नोबडी कॅन.”

मुलगी म्हणाली, “सो यू हॅव टू कट इट?”

“यू हॅव टू,” ती म्हणाली, आणि कोयती मुलीच्या हातात देऊन तिनं मांडीवरचं फळ पुढे केलं.